देहाचे पंचांग : प्रस्तावना

उत्तर चीनमधील जुन्या घरांतून डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेस, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी, भिंतीवर एक कागद चिकटवण्याचा प्रघात होता. कागदावर प्लमच्या एका फांदीची नुसती बाह्यरेषा काढलेली असे; फांदीवर फुले नऊ, प्रत्येक फुलाच्या पाकळ्या नऊ, आणि त्या सर्व कोऱ्या. त्या दिवसापासून रोज एक पाकळी रंगवावयाची. घरातील लेकीसुना सकाळी वेणीफणी करता करता गालाला लावण्याचा तांबडा रंगच बोटाने कागदाला लावीत असत, असेही उल्लेख सापडतात. एक्याऐंशीव्या दिवशी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, भिंतीवरची फांदी पूर्ण बहरलेली असे आणि दाराबाहेरची थंडी ओसरलेली असे. पेकिंगचे वर्णन करणाऱ्या १६३५ च्या एका ग्रंथात हा तक्ता नोंदलेला आहे. पुढे छिंग राजवटीत खुद्द राजवाड्यात फुलांऐवजी नऊ-नऊ रेघांची नऊ अक्षरे घेऊन रोज एक रेघ गिरवण्याची पद्धत पडली.

प्रस्तुत ग्रंथाचे हस्तलिखित माझ्याकडे आले तेव्हा त्याच्यासोबत ग्रंथकर्त्यांनी अशाच एका कागदाची प्रत पाठवली होती, आणि खरे सांगावयाचे तर हस्तलिखितापेक्षा तो कागदच मी अधिक वेळ पाहत बसलो. त्यात औषध नाही, पथ्य नाही, व्याधीचे नाव नाही. आहे ती केवळ मोजदाद. थंडी किती सरली आणि किती उरली, याचा हिशेब घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने ठेवावा, एवढीच त्याची मागणी. चिनी ऋतुचर्येविषयी मराठीत आणि इंग्रजीत हल्ली जे फुटकळ लेखन होते, त्यात कोणत्या महिन्यात काय खावे याच्या याद्या पुष्कळ असतात, परंतु ही विद्या मुळात औषधांच्या दुकानात जन्मलेली नसून पंचांगाच्या दप्तरात जन्मलेली आहे, ही गोष्ट त्या याद्यांतून कोठेच कळत नाही. ती कळल्यावाचून बाकीचे सारे तपशील म्हणजे नकाशावाचून नुसती गावांची नावे होत. म्हणून प्रस्तावनेच्या निमित्ताने मी तीच गोष्ट थोडी विस्ताराने मांडणार आहे.

प्रथम शब्दांविषयी. चिनी वैद्यकाच्या दाराशी उभ्या असलेल्या मराठी वाचकाला अडचण होते ती परकेपणाची नव्हे, फसव्या ओळखीची. 'ची' म्हणजे प्राण, यिन-यांग म्हणजे प्रकृती-पुरुष, आणि पाच तत्त्वे म्हणजे आपली पंचमहाभूते, असे समीकरण तो क्षणात मांडून मोकळा होतो. 'ची' या शब्दाचा मूळ उच्चार 'छी'च्या जवळ जाणारा आहे. पण मराठीत 'छी' म्हटल्याबरोबर वाचक नाक मुरडतो, म्हणून ग्रंथकर्त्यांनी 'ची' हे रूप पत्करले आहे आणि षष्ठीच्या प्रत्ययाशी घोटाळा होऊ नये म्हणून ते सर्वत्र अवतरणात छापले आहे. त्या शब्दाच्या चिनी चिन्हात तांदूळ आणि वाफ या दोहोंचे अंश आहेत. शिजत्या भातावरची वाफ, थंडीत तोंडातून निघणारा श्वास, डोंगरावरचे धुके, हंगामाची हवा आणि देहातले चलनवलन, हे सर्व एकाच शब्दाच्या अंमलाखाली येते. हवा बदलली की देह बदलतो, हे सिद्ध करण्याची गरज चिनी वैद्याला वाटलीच नाही याचे कारण त्याच्या भाषेतच आहे. यिन आणि यांग हे शब्दही आरंभी डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू एवढेच सांगणारे होते, आणि ऊन सरकले की बाजू बदलते हे कोणत्याही गुराख्यास ठाऊक असते. राहिली पाच तत्त्वे. लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल ही ती पाच. त्यांत वायू नाही, आकाश नाही, आणि ती 'भूते' तर मुळीच नव्हेत. त्यांचे चिनी नाव 'वूशिंग', आणि 'शिंग' म्हणजे चाल. लाकूड म्हणजे वर उसळण्याची चाल, धातू म्हणजे आवरून घेण्याची, जल म्हणजे खाली मुरण्याची. वसंत लाकडाचा, ग्रीष्म अग्नीचा, शरद धातूचा, शिशिर जलाचा. पृथ्वीला कधी उन्हाळ्याच्या शेवटचे दमट दिवस, तर कधी प्रत्येक ऋतूच्या अखेरचे अठरा दिवस तोडून दिलेले असतात. चार ऋतूंचे मिळून असे बहात्तर दिवस होतात आणि बहात्तरची पाचपट केली की तीनशे साठ भरतात. हा हिशेब वैद्याचा नाही, जोशाचा आहे.

हे जोशीपण कोठून आले? चीनचे पारंपरिक पंचांग आपल्यासारखेच चांद्रसौर. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याशी जुळवलेले. ज्या चांद्रमासात सूर्याची नेमलेली संक्रमणवेळ येत नाही तो अधिक मास, हा नियमही उभयतांत तत्त्वतः एकच. पण पेरणीकापणीला चंद्राचा उपयोग नसतो. म्हणून सूर्याच्या वार्षिक मार्गाचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस भाग पाडून प्रत्येकास हवामानाचे किंवा शेतीचे नाव देण्यात आले: वसंतारंभ, पर्जन्यजल, कीटकजागृती, धान्यवृष्टी, महाउष्मा, श्वेतदव, हिमपात, महाशीत. या चोविसांची पूर्ण मालिका इ. स. पू. १३९ च्या 'ह्वाइनानझ' या ग्रंथात प्रथम सलग आढळते, आणि इ. स. पू. १०४ च्या पंचांगसुधारणेत तिला राजमान्यता मिळाली. मराठी वाचकाला हे सांगताना परदेशात जावयास नको. आपली तिथी चंद्राची असली तरी शेतकरी पाऊस मोजतो तो मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशा सूर्यनक्षत्रांनी. मृग लागला हे तो तिथीवरून सांगत नाही आणि त्याला तिथीची गरजही पडत नाही. चिनी चोवीस पर्वे म्हणजे वर्षभर चालणारी अशी नक्षत्रेच. फरक एवढा की आपली नक्षत्रे शेताच्या बांधावर थांबली, त्यांची घरात शिरली, स्वयंपाकघरात शिरली आणि शेवटी अंथरुणापर्यंत पोहोचली. युनेस्कोने २०१६ साली या पर्वांना मानवी वारशाच्या यादीत घेतले, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. परंतु ही पर्वे पीत नदीच्या मधल्या खोऱ्यातील हवेवर बेतलेली आहेत, आणि ज्या दिवशी पंचांग हिमपात म्हणते त्या दिवशी दक्षिणेतल्या कँटनमध्ये माणसे सुती सदऱ्यात हिंडत असतात, ही गोष्ट त्या बातमीत नव्हती. उत्तर चीनचा तो थंड, कोरडा मुलूख मराठी माणसाने पाहिला असेल तर तो सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या चरित्रातून. १९४२ च्या डिसेंबरात त्यांचा अंत झाला तो त्याच मुलखातल्या हबेई प्रांतात.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. 'ह्वांगदी नेइजिंग', म्हणजे पीत सम्राटाचा अंतःशास्त्रग्रंथ, हा इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या प्रकरणांचा संग्रह असून राजाने विचारावे आणि अमात्याने सांगावे अशी त्याची बहुतांशी रचना आहे. त्याचे 'सूवेन' आणि 'लिंगशू' असे दोन भाग, प्रत्येकी एक्याऐंशी प्रकरणांचे. नऊ नव्वे एक्याऐंशी ही संख्या येथेही आलीच. ७६२ साली वांग बिंग याने 'सूवेन'ची प्रकरणे नव्याने लावली, आणि १०५७ मध्ये सुंग दरबाराने वैद्यकग्रंथांच्या शुद्धीकरणासाठी एक स्वतंत्र कचेरीच उघडली, तिच्या हाताखालून गेलेला पाठ आज आपल्यासमोर आहे. त्यातील दुसरे प्रकरण चार ऋतूंच्या हवेशी मन कसे जुळवावे याविषयीचे. प्रकरण अत्यंत छोटे आहे, आणि पुढच्या दोन हजार वर्षांतील या विषयावरचे लेखन हे बव्हंशी त्या एका प्रकरणाचे भाष्य आहे असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

त्यात सांगितलेले तरी काय? वसंतात उशिरा निजावे, लवकर उठावे, केस मोकळे सोडून, कपडे सैल करून अंगणात लांब लांब पावले टाकीत फिरावे. या दिवसांत द्यावे, घेऊ नये. बक्षीस द्यावे, शिक्षा करू नये. ग्रीष्मात उन्हाला कंटाळू नये आणि रागावू नये. शरदात लवकर निजावे, कोंबड्याबरोबर उठावे, मन आवरते घ्यावे. शिशिरात लवकर निजावे आणि सूर्य वर आल्यावाचून उठू नये, अंगाला घाम फुटू देऊ नये, आणि मनात असे काही जपून ठेवल्याप्रमाणे असावे की जे कोणाला सांगावयाचे नाही. जो वसंताविरुद्ध वागेल त्याच्या यकृताला इजा होईल, पण दुखणे येईल ते उन्हाळ्यात. ग्रीष्माविरुद्ध वागणाऱ्याच्या हृदयाला इजा, दुखणे शरदातील तापाचे. आणि असेच पुढे. चुकीची वसुली नेहमी पुढच्या हंगामात होते. जमाबंदीचे काम ज्याने पाहिले आहे त्याला ही रीत अनोळखी वाटणार नाही.

केस मोकळे सोडण्याच्या त्या सूचनेवर मला क्षणभर थांबावेसे वाटते. प्राचीन चीनमध्ये प्रौढ पुरुषाने केस बांधून वर टोपी किंवा पिन खोवणे ही सभ्यतेची सनद होती. मोकळे केस म्हणजे शोक, वेड किंवा रानटीपणा. अशा समाजात वैद्यकग्रंथ सभ्य गृहस्थाला सांगतो की वर्षाचे तीन महिने सकाळच्या वेळी तू आपल्या अंगणात थोडा रानटी हो. आरोग्यासाठी शिष्टाचार सैल करण्याची ही मुभा मला त्या ग्रंथातील सर्वांत मानवी जागा वाटते, आणि यकृत व लाकूड यांच्या साऱ्या समीकरणांपेक्षा ती अधिक काळ टिकेल असेही वाटते.

मात्र बक्षीस आणि शिक्षा यांचा देहाशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. तो संबंध राज्यकारभारातून येतो. हान काळापासून देहदंडाची अंमलबजावणी शरद-शिशिरातच करावयाची अशी रीत होती. उगवतीच्या ऋतूत सरकारने जीव घेणे म्हणजे निसर्गाच्या कामात अडथळा आणणे होय, अशी त्यामागची भूमिका. जे पंचांग बादशहाला बंधनकारक तेच रयतेच्या देहालाही. आणि देह तरी काय, एक संस्थानच! 'सूवेन'च्या आठव्या प्रकरणात अवयवांना चक्क हुद्दे दिलेले आहेत. हृदय राजा, फुप्फुसे प्रधान, यकृत सेनापती, पित्ताशय न्यायाधीश, प्लीहा आणि जठर मिळून कोठारांचा अंमलदार. आणि 'सान्ज्याओ' नावाचे जे तीन भागांचे स्थान शरीरविच्छेदनात कोणालाही सापडलेले नाही, त्याच्याकडे पाट आणि कालवे सोपवलेले आहेत, म्हणजे आजच्या भाषेत पाटबंधारे खाते. हे रूपक आहे असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ज्या साम्राज्याची भिस्त धान्याच्या कोठारांवर आणि नदीच्या बांधांवर होती, त्याचा वैद्य देहाकडे पाहताना जमा, खर्च, साठा आणि वाहतूक यांचाच विचार करणार. वसंत-ग्रीष्म खर्चाचे, शरद वसुलीचा, शिशिर कोठारे बंद ठेवण्याचा: चिनी ऋतुचर्या म्हणजे देहाच्या खजिन्याचे अंदाजपत्रक.

या विचाराची मुळे 'नेइजिंग'च्याही मागे जातात, हे गेल्या अर्धशतकातील उत्खननांनी दाखवून दिले. १९७३ मध्ये हूनान प्रांतात मावांगद्वी येथे इ. स. पू. १६८ मधील एक थडगे उघडले, त्यात रेशमी वस्त्रावर व्यायामाच्या चव्वेचाळीस आकृती मिळाल्या. त्यानंतर दशकभरात हूबेई प्रांतातील झांगज्याशान येथे बांबूच्या पट्ट्यांवरील 'यिनशू' हा व्यायामग्रंथ हाती आला, आणि त्याचा आरंभच वसंतात उगवणे, ग्रीष्मात वाढणे, शरदात काढणी आणि शिशिरात साठवण या सूत्राने होतो. पुढे मात्र एकाच झाडाला अनेक फांद्या फुटल्या. इसवीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस झांग झोंगजिंग याने शीतजन्य ज्वरांचे शास्त्र बांधले, आणि थंडी हाच मुख्य शत्रू मानणारी परंपरा त्यातून निघाली. तांग काळातील सुन स्स-म्याओ हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा माणूस. त्याच्या सातव्या शतकातील महाग्रंथात आहाराचा स्वतंत्र भाग आहे, आणि ऋतूंच्या चवींविषयी त्याने जो नियम दिला तो आजच्या लोकप्रिय याद्यांच्या नेमका उलट आहे. आंबट ही यकृताची चव, वसंत हा यकृताचा ऋतू. म्हणून वसंतात आंबट खावे, असे याद्या सांगतात. सुन म्हणतो, आंबट कमी करून गोड वाढवा. यकृत या दिवसांत आधीच माजलेले असते, ते प्लीहेवर चाल करून जाईल; म्हणून रसद दुबळ्या बाजूस पाठवावयाची. ज्याला हा तर्क समजला त्याला पंचतत्त्वांची निम्मी विद्या समजली. याच ग्रंथात अठरा हालचालींचा एक व्यायाम 'भारतीय मर्दन' या नावाने दिलेला आहे, हेही येथे नमूद करावयास हवे. बौद्ध भिक्षूंच्या झोळीतून पोथ्यांबरोबर आणखीही काही गेले होते.

सुंग काळात ही विद्या घरगुती झाली. चेन झ नावाच्या एका तालुक्याच्या अधिकाऱ्याने अकराव्या शतकात वृद्ध आईबापांची ऋतुमानाने सेवा कशी करावी यावर पुस्तक लिहिले. या विषयावरील उपलब्ध चिनी ग्रंथांत ते फार जुने समजले जाते. त्यानंतरच्या जिन आणि युआन राजवटी म्हणजे युद्धे, वेढे, दुष्काळ. आणि वैद्यांत पंथ पडले तेही याच धामधुमीत. ल्यू वानसू याने दाह हेच मूळ धरले, झांग त्सोंगझेंग याने दोष घालवून देण्यावर भर दिला, ली गाओ याने १२३२ चा काइफेंगचा वेढा पाहिल्यावर प्लीहा आणि जठर यांच्या कोठारालाच सर्वस्व मानले, आणि झू झेनहेंग याने यिनचे पोषण सांगितले. एकच ऋतू, चार वैद्य, चार सल्ले. 'चिनी वैद्यक असे सांगते' या शब्दांनी सुरू होणारे वाक्य दिसले की या चौघांची आठवण करावी, असे मी सुचवीन.

याच काळातील दोन प्रसंग ग्रंथकर्त्यांनी मन लावून रंगवले आहेत. अमरत्वाचे औषध हवे म्हणून चंगीजखानाने छ्यू चूजी या ताओपंथी साधूला बोलावणे धाडले. सत्तरी उलटलेला तो वृद्ध हजारो मैलांचा प्रवास करून १२२२ साली हिंदुकुशाच्या परिसरात त्याच्या छावणीत दाखल झाला, आणि जीव जपण्याचे मार्ग आहेत, न मरण्याचे औषध नाही, असे त्याने खानाला तोंडावर सांगितले. खानाने त्याला शिक्षा न करता मान दिला, हे विशेष. ऋतुचर्येवरचा एक छोटा ग्रंथ या साधूच्या नावावर चालतो, पण तो त्याचाच असेल याविषयी अभ्यासकांना शंका आहे. दुसरा प्रसंग शंभर वर्षांनंतरचा. मंगोल बादशहाच्या मुदपाकखान्यावरील आहारवैद्य हू स्सह्वी याने १३३० मध्ये आपला सचित्र पाकग्रंथ दरबारास सादर केला. त्यात मटणाची रेलचेल आहे, पण ऋतूंचा नियम साधा आहे: वसंतात गहू, उन्हाळ्यात मुगासारखी थंड कडधान्ये, शरदाच्या कोरडेपणावर तीळ, आणि थंडीत वरीच्या जातीचे एक उष्ण भरड धान्य. घोड्यावर बसून अर्धे जग जिंकणाऱ्यांना मूग खावयास सांगणाऱ्या या माणसाच्या धैर्याला माझा नमस्कार असो.

मिंग काळात हांगझौचा रसिक गाओ ल्येन याने १५९१ मध्ये 'झुनशेंग बाज्येन' प्रसिद्ध केला, आणि आरोग्याबरोबर फुले, धूप, चहा, जुनी चित्रे व तळ्याकाठच्या सहली यांनाही ऋतुचर्येत जागा दिली. इकडे दक्षिणेच्या दमट प्रांतांत, सूचौच्या आसपास, थंडीला मुख्य शत्रू मानणारे जुने शास्त्र उन्हाळी तापांपुढे हतबल होत होते. १६४२ मध्ये वू योश्यिंगने साथीच्या तापांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि ये त्येनश, वू जूतोंग यांच्या हातून 'उष्णव्याधी'चा नवा पंथ अठराव्या शतकात स्थिरावला. ज्या मुलखाची हवा वेगळी त्याचे वैद्यक वेगळे, हे चिनी वैद्यांनी स्वतःच कबूल केले ते येथे. पण या साऱ्यांत माझा जीव जडला तो झेजियांगच्या त्साओ तिंगदोंगवर. पंचाहत्तरीच्या घरात असताना, १७७३ मध्ये, त्याने म्हातारपणावर एक पुस्तक लिहिले. त्यात तत्त्वज्ञान थोडे. उशी किती उंच असावी, मोजे कसे असावेत, पडदा केव्हा लावावा, काठी कशी धरावी, रात्रीचे भांडे कोठे ठेवावे, हे भरपूर. आणि शेवटी पेजेच्या शंभर कृती, उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशा तीन प्रती लावून. तांदूळ कोणता, पाणी कोणते, विस्तव कसा, आणि खाण्याची वेळ कोणती, याचा ऊहापोह तो एखाद्या न्यायनिवाड्याच्या गांभीर्याने करतो. कोकणात आजाऱ्याला आणि कष्टकऱ्याला एकाच भांड्यातली पेज वाढणाऱ्या कोणाही गृहिणीशी या म्हाताऱ्याचे अर्ध्या घटकेत जमले असते.

विसाव्या शतकाने या परंपरेस न्यायासनासमोर उभे केले. १९२९ मध्ये नानकिंग सरकारच्या आरोग्यमंडळापुढे जुने वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव आला. तो मांडणारा यू युनश्यू स्वतः जपानात शिकलेला आणि जुन्या ग्रंथांचाही जाणकार होता, त्यामुळे त्याचा घाव वर्मी लागला. १७ मार्च रोजी शांघायमध्ये देशभरातील वैद्य जमले, दुकाने बंद राहिली, ठराव मागे पडला. १९४९ नंतरच्या राजवटीने उलट दिशा धरली: १९५५ च्या अखेरीस पेकिंगमध्ये संशोधनसंस्था, १९५६ मध्ये पेकिंग, शांघाय, कँटन आणि चेंगदू येथे महाविद्यालये. आज ज्याला 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणतात ते, म्हणजे भांडणारे पंथ एका अभ्यासक्रमाच्या कातरीने सारखे कापून केलेले शास्त्र, या महाविद्यालयांच्या क्रमिक पुस्तकांतले आहे. ते जुने आहे तितकेच नवेही आहे.

लोकांच्या घरात मात्र पंथ अजून भांडतातच. कँटनकडे रस्त्याच्या कोपऱ्यावर कडू वनस्पतींचा 'थंड चहा' पेल्यांतून विकला जातो आणि घरोघर तासन्तास मंद विस्तवावर सूप रटरटत असते; शांघायकडे थंडीच्या तोंडावर वैद्याकडून लिहून घेऊन काकवीसारखा घट्ट अवलेह शिजवून घेण्याची चाल आहे; उत्तरेकडे वसंतात जाड कपडे लवकर उतरवू नयेत आणि शरदात ते घाईने घालू नयेत, असे आजीच नातवाला सांगते. पाचव्या महिन्याच्या पंचमीला दारावर वेखंडाची पाने आणि दवण्याच्या जातीची एक उग्र वनस्पती टांगतात. उन्हाळ्याच्या ऐन तीस-चाळीस दिवसांत रुग्णालयांपुढे रांगा लागतात त्या दमेकऱ्यांच्या: पांढरी मोहरी वगैरे द्रव्ये आल्याच्या रसात कालवून पाठीवर ठरावीक ठिकाणी लेप लावला की हिवाळ्यातले दुखणे उन्हाळ्यातच मोडते, अशी श्रद्धा असून १६९५ मधील झांग लू याच्या ग्रंथात ही पद्धत दिलेली आहे. त्या लेपाने पुष्कळांच्या पाठीवर फोडही येतात.

आपल्याकडील ऋतुचर्येशी तुलना करण्याचा मोह मला आवरत नाही, आणि ग्रंथकर्त्यांनाही आवरलेला नाही. चरक आणि वाग्भट यांचे ऋतू सहा, चिनी वैद्यांचे चार. आपल्याकडे दोन ऋतूंच्या सांध्याचा पंधरवडा जपावयाचा, त्यांच्याकडे अठरा दिवस. साम्ये मोजत बसलो तर एक पुरवणी होईल. मला बोधप्रद वाटला तो विरोध. हेमंतात अग्नी प्रबळ असतो म्हणून आपला वैद्य माणसाला अंगाला तेल चोळून तालमीत पाठवतो, कुस्ती खेळावयास सांगतो, जड आणि स्निग्ध अन्न पचवण्यास सांगतो. चिनी वैद्यही जड अन्न देतो, पण सांगतो की सूर्य वर येईपर्यंत अंथरुणातून उठू नकोस आणि घाम गाळू नकोस. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण एकाच्या दाराबाहेर आल्हाददायक गारवा आहे आणि दुसऱ्याच्या दाराबाहेर नदी गोठलेली आहे. आमच्या वर्षाऋतूला तर त्या पंचांगात धड घरच नाही. त्यांचा उन्हाळा-अखेरचा दमट काळ म्हणजे काही कोकणातला आषाढ नव्हे. म्हणून पुण्यात किंवा पणजीत बसून पीत नदीच्या खोऱ्यातील याद्या जशाच्या तशा पाळणे म्हणजे दुसऱ्या गावच्या भरतीओहोटीच्या तक्त्यावर आपली होडी सोडणे होय. पद्धत घ्यावी, याद्या त्यांच्या त्यांच्याकडे राहू द्याव्यात.

हा विषय आत्ताच का निघावा, असे कोणी विचारील. ज्या कार्यालयात बारमाही बावीस अंश तापमान असते, ज्या बाजारात श्रावणातही संत्री मिळतात, ज्या घरात दिवस मावळण्याची खूण उरलेली नाही, तेथे राहणाऱ्या माणसाला ऋतू कळतो तो वीजबिलावरून. त्याच्या झोपेची, भुकेची आणि मनाची जी परवड चालली आहे तिच्यावर औषधे पुष्कळ निघाली आहेत. पण आज बाहेर काय चालले आहे हे रोज एकदा दार उघडून पाहावे, असे त्याला कोणी सांगितलेले नाही. देहात दिवसरात्रीचे घड्याळ असते हे जीवशास्त्राने दाखवले असून त्या संशोधनाला २०१७ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु म्हणून यकृत हे लाकूड ठरत नाही, आणि अशा बातम्यांची सनद जुन्या पोथ्यांना चिकटवण्याची जी हौस सध्या सर्वत्र दिसते, तिच्यापासून हे पुस्तक बऱ्याच अंशी दूर राहिले आहे, याबद्दल मी ग्रंथकर्त्यांचे अभिनंदन करतो. 'बऱ्याच अंशी' म्हणण्याचे कारण, अवयवांच्या घटिकांविषयी, म्हणजे दिवसाच्या वेळा एकेका अवयवाला वाटून देण्याविषयी, लिहिताना त्यांची लेखणी एक-दोन ठिकाणी घसरली आहे. ते मी त्यांना कळवले. त्यांनी ऐकले नाही.

ग्रंथाचा बेत असा. पूर्वार्धात मूळ ग्रंथांतील विचार मराठीत समजावून दिला आहे, आणि निरनिराळ्या पंथांचे मतभेद बुजवून न टाकता तसेच ठेवले आहेत. उत्तरार्धात चोवीस पर्वांच्या क्रमाने घरातले आचार, सण, खाद्यपदार्थ आणि साधे व्यायाम येतात. हे वैद्यकाचे क्रमिक पुस्तक नव्हे, आणि कोणत्याही दुखण्यावर इलाज सांगण्याचा त्याचा दावा नाही. चिनी नावांचे मराठी उच्चार ठरवण्यात जी मेहनत झाली आहे ती वाचकाच्या लक्षात येणार नाही, आणि तेच त्या मेहनतीचे यश आहे.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. उत्तरार्धात काही पाककृतींत औषधी मुळ्या व साली सांगितलेल्या आहेत. बेल्जियममध्ये गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी तिच्यासारख्याच नावाची दुसरी मुळी पडली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. तेव्हा नाव वाचून, बाजारातून पुडी आणून, घरच्या घरी असले प्रयोग कोणी करू नयेत, चालू असलेले औषध तर मुळीच सोडू नये. त्साओ तिंगदोंगच्या पेजांपैकी ज्यांत तांदूळ, पाणी आणि मूग यांखेरीज काही नाही, अशांवर पुस्तकात खूण केलेली आहे. त्या खुशाल आज रात्री करून पाहाव्यात; विस्तव मात्र मंद हवा, एवढे त्या म्हाताऱ्याचे सांगणे आहे.